उशीला मान नसते

लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्याने उभ्या आयुष्यात कुणाच्या शर्टावर डाग पाडला नव्हता. गेल्या वर्षी मोठ्या प्रेसचा वाफेचा नळ फुटला. फुटण्याआधी नुसतं ‘फुस्स’ झालं होतं, एवढंच. हाताचं भाजलेलं केव्हाच बरं झालं. ते ‘फुस्स’ मात्र अंगात घर करून राहिलं. बसचं दार उघडो की घरातला कुकर धापा टाको, त्याचे खांदे कानाला भिडत आणि हातातलं खाली पडे. कपबशा संपत आल्या होत्या.

अशात मुलगी तान्ह्या लेकीला घेऊन राहायला आली.

“बाबा, घ्या ना हिला.”

“हात धुवायचेत,” तो म्हणे. हात धुऊन धुऊन कातडी पांढरी पडली, पण नात काही त्याने घेतली नाही.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “मेंदूत बदामाएवढा पहारेकरी असतो. आवाज झाला की तुम्हाला न विचारता अंग हलवतो. एकदा पोळलाय बिचारा. त्याला सांगून पटायचं नाही. आवाज झाला तरी काही बिघडत नाही, हे पुन्हापुन्हा दाखवावं लागेल.”

बायकोने ते मनावरच घेतलं. कुकर लावला की त्याच्या हातात उशी द्यायची. पहिल्याच शिट्टीला उशी पलंगाखाली गेली.

“झालं! नात गेली पलंगाखाली!” ती खो-खो हसली. मग पाठीवर हात ठेवून म्हणाली, “काही नाही हो, शिट्टीच आहे.”

दर वेळी हेच वाक्य. हळूहळू उशी हातात राहू लागली.

“आता तरी घ्या नातीला.”

“उशीला मान नसते,” तो म्हणाला.

एका सकाळी मुलीने विचारलंच नाही. खाली बसलेल्या बापाच्या हातात लेक ठेवली आणि अंघोळीला गेली. स्वयंपाकघरात कुकर फुसफुसला. बायको धावली, तोवर शिट्टी झालीच.

त्याचे खांदे वर गेले. त्याच क्षणी नातीनेही दोन्ही हात फेकले, बोटं फाकली. जिने अजून वाफ कशी ती पाहिली नव्हती, तीही दचकली होती! त्याने खाली पाहिलं. पोर छातीशी घट्ट होती, तळवा मानेखाली.

नातीने भोकाड पसरलं.

“काही नाही गं,” तो म्हणाला, “शिट्टीच आहे.”

बायकोचा हात गॅसच्या बटणाकडे गेला.

“राहू दे,” तो म्हणाला. “अजून एक होऊ दे.”