बद्रीनाथाची रत्नावती

बद्रीनाथाला मंदार देशाचा इतिहास तोंडपाठ होता, आणि का नसावा? तो देश जगाच्या नकाशावर नव्हताच; बद्रीनाथाच्या रिकाम्या डोक्यात मात्र ऐसपैस पसरला होता. निजामाच्या अमदानीत हा गृहस्थ औरंगाबादेत एका कचेरीत कारकून, तिथल्या भाषेत अहलकार, होता. पोलीस ॲक्शननंतर उर्दू दफ्तर गुंडाळलं गेलं, त्याबरोबर हाही घरी आला आणि पुन्हा काम म्हणून शोधलं नाही. बायको मनकर्णाबाई गल्लीतल्या बायकांचे झंपर शिवून घर चालवी, आणि हा हॉटेलात बसून रत्नावतीच्या, म्हणजे मंदार देशाच्या राजधानीच्या, गप्पा हाणी. कोणत्या राजानं तट बांधला, कोणी पाडला. लोक फुकटची करमणूक म्हणून ऐकत. याला वाटे, आपण विद्वान.

पुढं नुसत्या बोलण्यानं त्याचं भागेना. त्यानं परसात चिखलाची रत्नावती रचायला घेतली. वीतभर वाडे, बोटभर मनोरे. ऐन उन्हाळ्यात राजतलाव खणताना टिकाव जमिनीखालच्या नहरीवर बसला आणि खापराचा नळ फुटला. गल्लीच्या हौदात जाणारं पाणी बद्रीनाथाच्या खड्ड्यात उसळलं. दुसरा कुणी असता तर बोंबलत बाहेर धावला असता. ह्यानं परसाच्या दाराला कडी घातली आणि बायकोला सांगितलं, "तिकडं फिरकू नको, साप निघालाय."

हौद आटला. बायका हर्सूलच्या वाटेवरच्या विहिरीवर जाऊ लागल्या. शेजारची सगीरा आठव्या महिन्यात होती, नवरा ट्रकवर परगावी. तीही रिकाम्या घागरी घेऊन उन्हात निघे. एका दुपारी ती मनकर्णाबाईच्या दारातच भोवळ येऊन पडली. मनकर्णाबाईनं तिला ओसरीवर निजवलं. घरात थेंब नव्हता. परसातून मात्र पाण्याची खळखळ ऐकू येत होती. तिनं तांब्या घेतला आणि परसाचं दार ढकललं.

साप कुठला! तलाव काठोकाठ भरला होता आणि नवरा त्यात कागदाची होडी सोडत होता.

"राणीसरकार नौकाविहाराला निघाल्यात," तो म्हणाला. त्याला लाजही वाटत नाही हे पाहून तिला किळस आली.

तिनं तांब्या बुडवला, सगीराला पाणी पाजलं, आणि परत येऊन फावडं उचललं.

"अगं, तीनशे वर्षांची राजधानी हाय ती!"

"बाजूला व्हा. पोटुशी बाई दारात पडलीय माझ्या."

"इतिहासात असं व्हतंच. प्रजेला थोडं सोसावं लागतंय."

मनकर्णाबाईनं तट, वाडे, मनोरे, सगळं सपाट केलं. मग गल्लीतली माणसं बोलावून नळ सांधून घेतला. दिवेलागणीला हौदात पाणी पडू लागलं. सगीराला सुईण पाहून गेली. मूल सुखरूप होतं.

बद्रीनाथ त्या रात्री दुःखानं जेवला नाही. सकाळी मात्र त्याचा चेहरा उजळला होता. ओसरीवर, शिवणयंत्राच्या कोपऱ्यात, तो खडूनं रेघा मारत बसला.

"दिल्लीची राजधानी नव्हती का दौलताबादेला आणली? रत्नावतीबी हलवायची ठरलीय," तो म्हणाला. "हे यंत्र तेवढं उचल इथनं."

मनकर्णाबाईनं यंत्राला हात लावला नाही. तिनं त्याची वळकटी उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली.

"राजधानी मागनं येईल," ती म्हणाली. "आधी राजानं निघावं."

तिनं दार लावून घेतलं. हौदावर पाणी भरणाऱ्या बायका बघत होत्या. एकीनंही "असू द्या हो" म्हटलं नाही.