औलीचा बोर्ड आणि बाबांचा किंग पॉइंट

आधीच सांगते, उत्तराखंडात औलीला स्की करायला जाणार असाल तर हॉटेल, जॅकेट, लोकरीचे मोजे सगळं नंतर बघा. तिथला उतारांचा बोर्ड कसा वाचायचा ते आधी शिका. मी शिकले नाही आणि त्यापायी बहात्तर वर्षांच्या बाबांना दोन तास बर्फात उभं ठेवलं.

जायचं ठरलं तेही भांडूनच. शाळेच्या ऑफिसात मी सगळ्यांना सांगून बसले होते की या हिवाळ्यात, पंचेचाळिसाव्या वर्षी, मी वरून खालपर्यंत एकदा तरी स्की करणार. घरी बोलले तर बाबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "स्किड? त्याच्यासाठी एवढ्या दूर कावून जाते? मी तं जिंदगीभर स्किडच लावल्या."

बाबा भिलाई-३ च्या रेल्वे यार्डातून रिटायर झाले. घरंगळत येणारी वॅगन थांबवायला रुळावर लोखंडी पाचर ठेवतात, ती स्किड.

"बाबा, स्की! त्यात घसरायचं असते, थांबवायचं नसते."

"मंग थांबवते कोन?"

"यार्ड सोडा ना आता," मी माझं नेहमीचं वाक्य फेकलं. आई गेल्यापासून त्यांना एकटं ठेवत नाही, म्हणून तेही निघाले.

दुर्गहून रेल्वेने दिल्ली, तिथून ऋषिकेश, एक मुक्काम आणि मग जोशीमठपर्यंत दिवसभर जीप; औली त्याच्या वरच. पोटात ढवळत असेल तर पुढची सीट पकडा. राजमा-भात वाटेत कुठेही गरम मिळतो, शिवाय डब्यात आमची बेसनाची तळलेली ठेठरी होती, निभावलं. बाबा प्रत्येक वळणावर ड्रायव्हरला विचारायचे, "यहाँ सिग्नल क्यों नहीं है?" चौथ्या वळणानंतर मी झोपेचं सोंग घेतलं.

पहिले तीन दिवस छोट्या उतारावर किती वेळा पडले ते सांगत नाही. भाड्याचे बूट घालून चालणं म्हणजे दोन्ही पायांना प्लास्टर करून बाजारात जाणं. घेताना चालून बघा आणि भाव करा. चौथ्या दिवशी शिकवणारा म्हणाला, आता वर जा. खाली मोठा बोर्ड होता, त्यावर हिरव्या, निळ्या, लाल रेघा, बाण, लिफ्टचे खांब. अर्धा तास बघितला, ओ की ठो कळलं नाही.

"मैडम, सिंपल है. ग्रीन आसान, ब्लू थोड़ा टाइट, रेड मत जाना," शिकवणारा म्हणाला.

"पण ऊपर ग्रीन कहाँ से शुरू होता है?"

"ऊपर जाके दिख जाएगा."

काय दिसणार, कपाळ! वर सगळं पांढरं. ना हिरवं, ना निळं. पहिल्याच फाट्यावर मी डावीकडे वळले आणि झाडांच्या पलीकडे भलत्याच उतारावर जाऊन पडले. मग खांद्यावर स्की, पायात ते मेले बूट आणि चढण. दोन तासांनी लिफ्टच्या पायथ्याशी पोचले तर बाबा तिथेच उभे, नाक लालबुंद, मफलर भिजलेला. रागावले नाहीत. "कोनत्या लाइनवर गेली होती?" एवढंच विचारलं.

"लाइन नाही हो बाबा, डोंगर आहे हा!" मी भर गर्दीत ओरडले, आणि मग रडू आलं. शेवटचा एकच दिवस उरला होता. उद्याही हेच झालं तर ऑफिसात कोणत्या तोंडानं जाणार होते?

चहाच्या टपरीवर बाबांनी डबा उघडला आणि टेबलावर ठेठरीचे तुकडे मांडायला लागले.

"हे पाय. हे आपलं हम्प यार्ड आहे. इंजिन वॅगन ढकलत हम्पवर, म्हंजे उंचवट्यावर नेते, ते तुही लिफ्ट. वर इंजिनचं काम खतम. मंग वॅगन आपल्या वजनानं खाली येते. पयला फाटा तो किंग पॉइंट, त्याच्या खालचा क्वीन, त्याच्या खालचा जॅक. किंगवर चुकली का खालपर्यंत चूक, वॅगन काई उलटी चढत नाही. तू तिथंच चुकली."

मी टपरीतून बोर्डाकडे पाहिलं. इतका वेळ मी तो खालून वर, रंग धरून वाचत होते. वरून खाली पाहिल्यावर सगळ्या रेघा वरच्या एकाच रेघेतून फुटत होत्या.

"रंग नको पाहू, फाटे मोज. उजवा, डावा, उजवा."

मंडळी, लिहून ठेवा: बोर्ड वरून खाली वाचायचा, आणि फाटे मोजायचे.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्याने मोजत उतरले. किंग, उजवीकडे. क्वीन, डावीकडे. जॅक, उजवीकडे. एकदाही पडले नाही! पण शेवटच्या उतारावर वेग असा वाढला की थांबायचं कसं तेच विसरले. समोर बाबा. दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे करून, यार्डात गाडी थांबवायला करतात तसे.

"अंकल, हटिए!" शिकवणारा ओरडत होता. बाबा जागचे हलले नाहीत. तेव्हा शिकवलेलं आठवलं, टाचा बाहेर, टोकं जवळ, म्हणजे स्कीची पाचर होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर मी बुडावर बसून थांबले.

"स्किड बराबर लागली," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर गुडघे आठवडाभर सुजलेले होते. ऑफिसात फोटो दाखवले, कौतुक झालं, संपलं. पुढच्या रविवारी बाबांना मागे बसवून कुम्हारीला चालले होते. भिलाई-३ ला यार्ड दिसलं तशी मी स्कूटी बाजूला घेतली.

"बाबा, तुमचा किंग पॉइंट कुठं होता?"

ते माझ्याच वैतागलेल्या सुरात म्हणाले, "आता विचारून राहिली? इतके वर्स मी सांगत होतो, तवा 'यार्ड सोडा' म्हने."

मी स्कूटी स्टँडवर लावली.