दांड्याच्या मधल्या पट्ट्यातले गड्डे

दहावा गड्डा उभा चिरला आणि आत पुन्हा तपकिरी डाग निघाला. दहांपैकी तीन खराब. कदम मॅडमनी लाल पेन उचलले.

लोणी देवकरच्या एमआयडीसीतील माल निवडून भरणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये मी शेतीखात्यातून निवृत्त झाल्यापासून भाजीपाल्याचा गुणवत्ता सल्लागार म्हणून जातो. कदम मॅडम तेथील क्वालिटी मॅनेजर. समोर ब्रसेल्स स्प्राउट्सचे क्रेट रचलेले होते. हे पीक कोबीच्याच कुळातले. पण याला एक मोठा गड्डा धरत नाही. कमरेएवढा सरळ दांडा वाढतो आणि प्रत्येक पानाच्या बगलेत लिंबाएवढा एकेक गड्डा बसतो. चांगला गड्डा हिरवागार असतो, दाबला तर घट्ट आणि हाताला आकारापेक्षा जड लागतो. सैल गड्डा उन्हाने फुललेला समजावा, पिवळ्या पानाचा शिळा. एवढे बाहेरून कळते. आतला डाग मात्र चिरल्यावाचून कळत नाही.

म्हणून सॅम्पल घ्यायचे. कोठूनही दहा गड्डे उचलून चिरायचे. एकाहून अधिक खराब निघाले की लॉट परत. हा नियम मीच घालून दिला होता. तो शिकवताना स्थालीपुलाकन्याय सांगितला होता : पातेल्यातले एक शीत दाबून पाहिले की भात शिजला की नाही ते कळते.

"सर, तुमच्याच न्यायाने रिजेक्ट," मॅडम म्हणाल्या. त्यांचे काही चुकले नव्हते. मी सही केली.

लॉट अंथुर्ण्याच्या तात्यांचा होता. घर पिढ्यान्‌पिढ्या उसाचे. थोरले बंधू आबा यांनी वीस गुंठ्यांवर या नव्या पिकासाठी एकाच हंगामाची मुभा दिली होती. माल नापास झाला तर त्या तुकड्यात ऊस लागणार, हे ठरलेले. अर्ध्या ओळी तोडून झाल्या होत्या, अर्ध्या अजून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कारण सापडले तर उरलेल्या मालाचा विचार करू, असे मॅडमनी सांगितले. परतीचे क्रेट टेम्पोत चढले, आणि त्याच टेम्पोत मीही बसलो.

आबा बांधावरच बसलेले होते. क्रेटमधला एक गड्डा तळहातावर फिरवीत त्यांनी विचारले, "गुरुजी, ह्या खायच्या का खेळायच्या, तेवढं सांगा. न्हायतर जत्रंत गोट्या म्हणून तरी इकू."

तात्या मान खाली घालून उभे होते. खते, फवारणी, शेंडा खुडल्याचा दिवस, सगळे मी विचारून घेतले. सर्व यथास्थित होते. पाण्याचेही त्यांनी सांगितले की, ड्रिप मी लिहून दिलेल्या वेळापत्रकाच्या कागदाप्रमाणेच चालते.

मग मी एक झाड मुळासकट उपटून घेतले. चिरण्यापूर्वी हात जोडण्याची माझी जुनी सवय आहे. कोणाचे तरी श्रम आपण उघडून पाहणार असतो. पोते अंथरले. दांड्याचा एकेक गड्डा खालून वर काढायचा, चिरायचा आणि त्याच क्रमाने मांडायचा. खालच्या दीड वितीतले सगळे पांढरेशुभ्र निघाले. त्यावरच्या वीतभर पट्ट्यात बहुतेकांच्या आत डाग. त्याच्याही वर कोवळे, बारीक, पण निर्मळ. दुसरे झाड चिरले, तिसरे चिरले. पट्टा तोच.

हा दांडा खालून वर भरत जातो. खालचा गड्डा थोरला, वरचा धाकटा. म्हणजे दोष संपूर्ण पिकाचा नव्हता, ठरावीक दिवसांचा होता. मधले गड्डे भरत होते तेव्हा काय घडले, असे मी विचारले. तात्या आबांकडे पाहू लागले.

त्यांच्या पत्नी सुमनवहिनी मागे उभ्या होत्या. "सांगा की आता गुरुजींस्नी," त्या म्हणाल्या. "संक्रांतीच्या आदी पाटाचं पानी दिलंवतं. उसावानी, वाफं भरून."

कालव्याचे पाणी प्रत्येकाला ठरल्या दिवशी मिळते. त्याला येथे पाळी म्हणतात. ड्रिप असो वा नसो, आलेली पाळी कोणी सोडत नाही.

"त्याला काय इचारता?" आबांनी हातातला गड्डा खाली ठेवला. "मीच म्हणलो, घे पानी. आल्याल्या पान्याला न्हाय म्हणायचं आमच्यात न्हाय."

रोज थेंबाथेंबाने पिणाऱ्या झाडाला एकदम पूर आला. पाने भराभर वाढली, कॅल्शियम आतल्या कोवळ्या पानांपर्यंत पोचले नाही, ती करपली. खालचे गड्डे तोवर भरले होते आणि वरचे ज्वारीच्या दाण्याएवढे होते, म्हणून दोन्ही वाचले. माझ्या कागदावर ड्रिपच्या वेळा मिनिटांसह होत्या. पाळीविषयी एक अक्षर नव्हते. सारी नोकरी याच तालुक्यात झालेल्या माणसाची ही चूक क्षुल्लक नव्हे.

तात्यांना थोडा धीर आला. "मग उद्या सॅम्पलला खालचंच द्यायचं का?"

"सॅम्पल नव्हे, तात्या. मालच खालचा द्यायचा."

वहिनींनी तोडणीच्या बायकांना काठीवर खूण करून दिली : खालून दीड वीत क्रेटमध्ये, त्यावरची वीतभर वैरणीत, शेंड्याला हात नाही. आधीच्या क्रेटमध्ये सगळे मिसळले गेले होते. ते वाचवता आले नाहीत. म्हशींनी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दहाऐवजी तीस गड्डे चिरले. एकही डाग नाही. लॉट पास झाला आणि पुढे शेंड्याकडचा मालही पास झाला.

पुढची पाळी आली तेव्हा मी तेथे होतो. पाणी उसाकडे वळले. या तुकड्याच्या तोंडाशी आबा स्वतः खोरे घेऊन माती ओढत होते. शेजारच्याने विचारले, पाणी नको झाले काय?

"ह्याला पंगतीत बसवायचं न्हाय," आबा म्हणाले. "ह्याचं पथ्य हाय."

ऊस त्या तुकड्यात लागला नाही.

स्थालीपुलाकन्याय खोटा नाही. पातेल्यातल्या सगळ्या शितांना एकच आच लागलेली असते, ही त्याची अट मी शिकवायला विसरलो होतो. आता आमच्या फॉर्मवर सॅम्पलच्या रकान्याआधी एक नवा रकाना आहे : पाटाची पाळी केव्हा आली, आणि घेतली का.