आत्यानं ठेवलेलं नाव

येडगावात तिला सगळे झुंबरबाई म्हणत. हे तिचं सासरचं नाव. ती नवरी होऊन आली तेव्हा घरात साळू नावाची थोरली जाऊ आधीच होती. एका चुलीपुढं दोन साळू नकोत म्हणून सासूनं हिचं झुंबर करून टाकलं. हिला कुणी विचारलं नाही. नव्या सुनेला विचारायची तेव्हा रीतच नव्हती, आणि नंतर फार आली अशातलाही भाग नाही. सुरुवातीला झुंबर म्हणून हाक मारली की ही आपली खाली मान घालून भाकरी थापत बसायची. पोरगी बहिरी गळ्यात मारली, असं सासू गावभर सांगत सुटली होती.

साळू म्हणून ती उरली फक्त माहेरी, कळंबला. तिथं तिला त्या नावानं हाक मारणारी दोनच माणसं होती, आई बयाबाई आणि थोरला भाऊ सावळाराम. बयाबाईचा आवाज मोठा खणखणीत. घोड नदीवर धुणं आपटता आपटता ती हाक मारायची, ती थेट वरच्या आळीला ऐकू जायची. साळूच्या लेखी माहेर म्हणजे पुरणपोळी नव्हे की लुगडंचोळी नव्हे, माहेर म्हणजे ती हाक.

मग प्लेगाचं साल आलं. घराघरांत उंदीर मरून पडू लागले तसं कळंब उठलं आणि माळावर झोपड्या घालून राहिलं. सावळारामच्या काखेत गाठ आली. शेजारपाजारचे लांबूनच भाकरी ठेवून माघारी जात. बयाबाई मात्र लेकाच्या उशापासून हलली नाही. लेक उठून बसला आणि आईनं अंथरूण धरलं.

निरोप मिळाला तेव्हा साळूचा नवरा हौशीराम जाऊ नको म्हणत होता. त्याचंही चूक नव्हतं, घरात दोन लहान मुलगे होते. पण ती गेलीच. पोचली तोवर चिता विझत आली होती. सावळाराम काठीवर रेलून उभा होता, अंगात उभं राहण्याइतकंही त्राण नव्हतं. बहिणीला बघून त्याला हुंदका आवरेना.

"साळू, माजं दुखनं आईनं घेतलं," तो म्हणाला. "मला पयली पोरगी व्हईल तिचं नाव बया. आनि ते तुज्याच तोंडून ठिवायचं. आत्याचा मान तुजा."

साळूनं हे मागितलं नव्हतं. त्यानं आपणहून दिलं होतं, म्हणून तर तिनं ते इतकं घट्ट धरलं. तिच्या पदरात दोन्ही मुलगेच. आईचं नाव पुढं चालायचं तर ते भावाच्याच घरात चालणार होतं.

पुढं सावळारामचं लग्न झालं. बायको कुशाबाई मंचरची. मंचर म्हणजे बाजाराचं गाव, आणि तिथल्या लोकांना आपल्या गावाबाहेरचं सगळं जग रानातलं वाटायचं. कुशाबाईचा भाऊ तर पुण्याला जाऊन नाटक बघून आलेला, त्यामुळं त्याच्या बोलण्याला घरात भलतंच वजन. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं मंचरला झालं आणि मुलगी झाली.

साळूनं ती बातमी ऐकली आणि त्याच दमात नाव जाहीर करून टाकलं. मग काय, ज्याला त्याला मत फुटलं. थोरली जाऊ म्हणाली, आजीचं नाव नातीला, ह्यात सांगण्यासारखं काय आहे. शेजारची म्हातारी म्हणाली, प्लेगात गेलेल्या बाईचं नाव कोवळ्या जिवावर घालू नये. साळू नारायणगावला टोपरं घ्यायला गेली तर कापडदुकानातल्या फतेचंदशेठनंही कापड मोजता मोजता मत दिलं. "जुनं नाव चांगलं, बाई. माजी आई भंवरी, पोरगी पन भंवरी. एकीला हाक मारली की दोघी येत न्हाईत, येवढीच काय ती अडचन." साळू मनापासून हसली. मंचरकरांचं मतही फिरत फिरत तिच्या कानावर आलं. बया हे काय नाव झालं? ठेच लागली की बायकांच्या तोंडून निघतं ते. आताच्या मुलींना कशी कुमुदिनी, शकुंतला अशी नावं हवीत. साळूनं ते कानाआड केलं. तिच्याकडं भावाचा शब्द होता.

फक्त बारशाचं आवतण काही येईना. बारावा दिवस गेला, महिना गेला. पोर मान धरून कळंबला आली तेव्हा कुठं सावळाराम स्वतः गाडी जुंपून बहिणीला न्यायला आला.

"येवढा उशीर का रं दादा?" वाटेत तिनं विचारलं.

"तुज्याबिगर बारसं कसं करायचं? तुज्यासाटी थांबलो."

ह्या एका वाक्यानं साळूचं पोट भरलं. आपल्यासाठी भावानं पोर इतके दिवस बिननावाची ठेवली, हे तिनं नंतर येडगावात किती जणींना सांगितलं असेल त्याला गणती नाही. पाणवठ्यावर सांगितलं, खळ्यावर सांगितलं, ज्यांनी एकदा ऐकलं होतं त्यांना पुन्हा सांगितलं. बायका कंटाळल्या, ही कंटाळली नाही.

बारसं झकास झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. साळूनं वाकून पोरीच्या कानाशी तोंड नेलं, नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, आणि मागून बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. आत्याच्या पाठीचा तो मानच असतो. साळूच्या डोळ्यांत पाणी आलं ते बुक्क्यांनी आलं असं सगळ्या समजल्या.

घुगऱ्या वाटून झाल्यावर कुशाबाई जवळ आली. पदर सावरून, खाली बघत म्हणाली, "वन्सं, सासूबाईंचं नाव मी कसं घ्यावं? मी पोरीला काय म्हनू?"

सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं, हे खरंच होतं. साळूला तर वहिनीचं कौतुकच वाटलं. जिला कधी पाहिलं नाही त्या सासूचा ही एवढा मान राखते. "तुला ग्वाड वाटंल ते म्हन, वैनी," ती म्हणाली. परवानगी तिनं अशी आपल्याच तोंडानं दिली.

घरात कुमुद सुरू झालं. पुढच्या खेपेला सावळारामही कुमुदच म्हणताना दिसला. साळूनं बघितलं तसा तो ओशाळं हसला. "पोरीवर वरडताना आईचं नाव तोंडात कसं आनू?" तेही तिला पटलं. प्रेमानं आंधळ्या झालेल्या माणसाला काय पटत नाही? ती मात्र कळंबच्या वेशीत शिरली की बयाच म्हणे, आणि पोर "ओ आत्या" करत धावत येई. तेवढ्या एका ओ वर साळू वर्ष काढायची.

पोर दहाएक वर्षांची झाली आणि तिचं लग्न ओतूरला ठरलं. साळू चार दिवस आधीच कळंबला गेली. हळद दळायला जात्यावर बसायचा पहिला मान तिचा. तिनं खुंटा धरला आणि ओवी धरली, आणि ओवीत नवरीचं नाव घातलं, बया. समोर मंचरहून आलेली अंबाबाई जात्याला हात लावून बसली होती. बाई बोलकी, मनात काही नसलेली. तिचा हात थांबला.

"बया कोन? नवरी तर कुमुदिनी न्हवं?"

"ते घरातलं," साळू हसून म्हणाली. "खरं नाव बया. मीच ठिवलंय, हितंच, बारशात."

"बारसं मंचरला झालं की. बाराव्या दिशी. मीच पाळना म्हनला. कुशीच्या भनीनं नाव ठिवलं, आनि सावळाराम पावणं सोता घुगऱ्या वाटत व्हतं." अंबाबाईनं इकडंतिकडं बघितलं. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या, तेव्हा तिला कळलं की आपण काहीतरी सांडलं. तिनं घाईघाईनं जात्यात हळकुंडं घातली.

साळूनं ती ओवी पुरी केली नाही. हळद मात्र पुरी दळली.

सावळाराम मांडवाला आंब्याचे डहाळे बांधत होता. ती त्याच्यामागं जाऊन उभी राहिली.

"दादा, मंचरला बारसं झालं व्हतं?"

त्यानं मागं बघितलं नाही. "झालं व्हतं. मेव्हन्यानं ऐकलं न्हाई."

"मग मला कशापाई बोलावलंस?"

"तुजं मन राखायला. तुला वाईट वाटलं आसतं, साळू. आनि नाव काय, लगीन झालं की बदलायचंच हाय."

इतकंच असतं तर तिनं पोटात घातलंही असतं. बायकोच्या माहेरापुढं मान तुकवणारा तो काही पहिला पुरुष नव्हता. ती आत आली. पोर हळदीच्या पाटाजवळ मैत्रिणींत बसली होती.

"बया," साळूनं हाक मारली.

"ओ आत्या."

"तुजं नाव काय गं?"

"कुमुदिनी."

"मग बया म्हनल्यावर ओ का देतीस?"

पोरीनं तिच्याकडं नवलानं बघितलं. एवढी साधी गोष्ट आत्याला कशी ठाऊक नाही? "आबांनी सांगितलंय," ती म्हणाली. "आत्या आली की तेवढं ओ द्यायचं. तू गेलीस की मंग न्हाई."

साळू कोठीच्या खोलीत जाऊन बसली. दहा वर्षं ज्या ओ साठी ती गाडीचे धक्के खात येत होती, तो भावानं पोरीला शिकवलेला होता. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या द्यायला शिकवतात, तसा. तिच्या हाकेला तिची आई कधी आलीच नव्हती. आपण एकटीच, रिकाम्या घरात हाका मारत होतो, आणि सगळं घर गप्प राहून ऐकत होतं. तिला राग आला, लाज वाटली, आणि सगळ्यात वाईट हे की त्या पोरीवरची माया काही केल्या कमी होईना.

लग्नात ती राबली. आत्याचं सगळं केलं, कुठं कमी पडली नाही. निघताना पोरीला पोटाशी धरलं, पण हाक मारली नाही. ओतूरच्या सासूला कुमुदिनी म्हणताना दम लागायचा, म्हणून तिनं महिन्याभरात पोरीची सखू केली. मंचरकरांच्या हौसेचं ते नाव कळंबच्या वेशीतच राहिलं. ह्यासाठी एवढं सगळं केलं होतं.

दिवाळी आली. दर वर्षीसारखा सावळाराम भाऊबीजेला बहिणीला न्यायला आला. साळू ओट्यावर सुपानं बाजरी पाखडत होती. त्यानं बैलांना चारा टाकला आणि हाक मारली.

"साळू."

सूप चालूच राहिलं. त्यानं जवळ येऊन पुन्हा हाक मारली. सासूच्या काळात ती झुंबर म्हटल्यावर जशी बसायची, तशीच बसली होती. त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली. ह्या नावानं तिला हाक मारणारा आता तो एकटाच उरला होता, हे त्याला तिथं, त्या ओट्यापुढं उमगलं असावं.

साळूनं सूप खाली ठेवलं. "साळू हितं कुनी ऱ्हात न्हाई," ती म्हणाली. "ती प्लेगात आईसंगं गेली. तुमी बसा, पावणं. पानी देते."

तिनं भावाला आजवर कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. तो बसला, पाणी प्यायला. हौशीराम रानातून आला, दोघं पावसापाण्याचं बोलले. गाडी रिकामीच परत जायची हे कुणी न सांगता ठरून गेलं होतं. उठताना तो उंबऱ्याशी घुटमळला.

"झुंबरबाई, येतो."

"ओ," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.