कागदावरची सरोज

डोंबिवलीची नंदा लग्न होऊन कळव्याला आली, तेव्हा नवऱ्याने, विश्राम दळवीने, ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं : सुमती. एवढ्या हौसेने नाव ठेवायचं आणि पुढे जन्मभर बायकोला ‘अगं’ म्हणायचं, ही आपल्याकडची रीतच. सासू ‘सूनबाई’ म्हणायची, शेजारणी ‘वहिनी’. पहिल्याच दिवशी नंदाला मीठ-मसाल्याचे डबे न विचारता सापडले, तेव्हा सासू बघतच राहिली होती.

छप्पन्न साली त्यांनी लग्नाची नोंद करायचं ठरवलं. विश्रामचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून अर्ज नंदानेच भरला. दाखला हातात आला आणि तिला घाम फुटला. पत्नीचं नाव : सरोज विश्राम दळवी. तिला सहावा महिना लागलेला. आपलं लग्नच खरं नसेल, तर हे मूल कुणाचं म्हणायचं?

घरी दाखला वाचून विश्रामचा चेहरा पांढराफटक पडला. बोलली ती सासू. “पहिली होती त्याची. चार महिन्यांत तापाने गेली. तुला सांगितलं नाही, चुकलंच आमचं.”

जिवंत सवत परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं. नंदा संतापली. हे नाव नवऱ्यानेच घुसडलं, असं धरून ती त्याला ठाण्याच्या कचेरीत घेऊन गेली.

कारकून भला माणूस होता. “बाई, लग्न सप्तपदीने लागलंय, कागदाने नाही. नाव चुकल्याने ते मोडत नाही. दोघांनी प्रतिज्ञापत्र द्या, दुरुस्त करून देतो. पण चूक आमची नव्हे, हा तुमचा अर्ज.”

अर्जावर ‘सरोज’ होतं आणि अक्षर नंदाचं होतं. हे नाव तर तिने परवापर्यंत ऐकलंसुद्धा नव्हतं. तिचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिने अर्ज घाईघाईने उलटा ठेवला.

प्रतिज्ञापत्र लिहून झालं. विश्राम त्यावर लावायचं कोर्ट फीचं तिकीट आणायला बाहेर गेला, ती बाकावर बसली. लग्न खरं होतं, मूल दळव्यांचंच होतं, आता भ्यायचं कारण नव्हतं. शिपायाने दारातून पुकारलं, “सुमती विश्राम दळवी.”

कोण बाई उठते, ते नंदा बघत राहिली. त्याने पुन्हा पुकारलं. कुणीच उठेना, तेव्हा त्याने हातातला जुना दाखला वाचला.

“सरोज विश्राम दळवी.”

“आले,” म्हणत नंदा उठली.