पंपकाकांच्या पाहुण्या

उभा जन्म पाठीवर औषधाचा पंप बांधून लोकांच्या घरातली झुरळं, वाळवी आणि मधमाशांची पोळी निकालात काढली, म्हणून सगळे त्यांना पंपकाका म्हणत. धंदा जावयाच्या हाती सोपवल्यावर याच गृहस्थांनी गच्चीवर चक्क मधमाशांसाठी बाग मांडली. काकू म्हणाल्या, "करून करून भागला आणि देवपूजेला लागला!"

काका हसले नाहीत. गच्चीतल्या भोपळ्याची फुलं फळ न धरता गळत होती, कारण माशाच उरल्या नव्हत्या. आसपासचं कुठलं पोळं आपण कुठल्या खिडकीतून पाडलं, ते त्यांना तोंडपाठ होतं. दाढीच्या ब्रशाने फुलाफुलांना पराग लावताना त्यांना स्वतःचीच लाज वाटे.

मग त्यांनी सूर्यफुलं लावली, झिनिया लावली. परातीत पाणी भरून आत खडे ठेवले, प्यायला आलेली माशी बुडायला नको. अळ्यांनी लिंबाच्या पानांची चाळण केली तरी औषधाचा थेंब मारला नाही. "खा बायांनो, तुमचंच आहे," म्हणाले. फुलपाखरं लगेच आली. मधमाशांनी मात्र वर्षभर ताटकळत ठेवलं, आणि आल्या त्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या सज्जाखाली बिऱ्हाड करूनच. काकांना कोण आनंद!

एका दुपारी जावयाचा फोन आला.

"बाबा, तुमच्या समोरचंच पोळं काढायचं काम आलंय. तिथल्या बाई म्हणतात, समोर कुणीतरी फुलं लावलीत तेव्हापासून माशा आल्या." जावई जरा घुटमळला. "तुम्ही म्हणत असाल तर नाही सांगतो."

नाही सांगा, दोनच शब्द. पण जन्मभर लोकांना पोळ्याची भीती घालून पोट भरलेला माणूस आता कुठल्या तोंडाने ते बोलणार?

"मला काय विचारता? काम आलंय तर करा," काका म्हणाले.

दिवेलागणीनंतर जावई चहाला वर आला. "तुम्ही शिकवलंत तसंच केलं, बाबा. सगळ्या घरी परतेपर्यंत थांबलो. एकही सुटली नाही."

"छान," काका म्हणाले. तोंडाला सवयच होती तशी. चहा त्यांना गेला नाही.

सकाळी भोपळ्याच्या फुलात एक माशी गारठून बसलेली दिसली. रात्री बाहेरच राहिली असावी. ऊन लागताच ती उडाली, थेट समोरच्या सज्जाखाली गेली, घिरट्या घालून परत आली, पुन्हा गेली.

"अहो, ही एकटीच काय शोधतेय?" काकूंनी विचारलं.

काकांना मान वर करवेना. "घर," ते म्हणाले. "मी पाडायला सांगितलं ते."