चाल पाहणारा कंपाउंडर

रामदासपेठेतल्या दातांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होता. पेशंट पायऱ्या चढू लागला की नाव लिहिणं सोडून तो त्याचे पाय बघायचा. "तोंड डॉक्टरसाहेब पाहते, मी चाल पाहतो," म्हणायचा.

आता मी काठी आपटत मिरवते. तेव्हा चाळिशीत स्वतःला नटी समजायची. मुंबईला जाऊन खुब्याचा सांधा बदलून आले, आणि भिशीत सांगितलं, माहेरी गेले होते. दाढ काढायला गेले, तर बाकावर भिशीतल्याच दोघी.

"हाडात काही बसवलं हाय का, बाई?" त्याचा नेहमीचा प्रश्न.

"छे, काही नाही," मी मान उडवली.

माझ्या डाव्या पायाकडे बघत तो आत गेला आणि परत आला. "नंबरले घंटाभर लागन," मोठ्यानं म्हणाला. मग मला माठापाशी बोलावून त्यानं मुठीतल्या कॅप्सूल दिल्या. "डॉक्टरसाहेबानं सांगतल्या. दाढेतले जंतू रक्तातून नव्या सांध्यात गेले, तर पुन्हा कापाकापी. दाढ काढाच्या घंटाभर आधी घ्या लागते. घ्या, मी आड उभा राहतो."

त्याच्या रुंद पाठीआड मी निमूट गिळल्या.

दाढ निघाली. जाताना त्यानं हात दिला नाही, नुसतं कठड्याकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाला, "पुढल्या खेपेले खोटं घरी ठेवून येजा, बाई."